वंशावळीच्या फाइलच्या दोन प्रती वेगळ्या झाल्या, तर त्या पुन्हा एक कशा कराव्यात

वंशावळीची एकच फाइल दोघांकडे असते, दोघेही आपापल्या प्रतीत भर घालत राहतात आणि वर्षभराने लक्षात येतं की दोन्ही प्रती आता वेगळ्या झाल्या आहेत. अशा वेळी एक फाइल उघडून दुसरी तीत इम्पोर्ट करावी, असं पटकन वाटतं. ते करू नका. समजा, मूळ फाइलमध्ये ८१२ व्यक्ती होत्या. तुमच्या प्रतीत आज ९०१ आहेत आणि दुसऱ्या प्रतीत ८७०. सरसकट इम्पोर्ट केलंत तर १,७७१ व्यक्तींची फाइल हाती येईल आणि तीत जवळजवळ प्रत्येक माणूस दोनदा असेल. त्या जोड्या एकेक करून निस्तरायला आठवडे जातात. शिवाय थकलेल्या डोळ्यांनी केलेल्या जोडण्यांत चुका होतात आणि त्या पुढे सापडत नाहीत.

नीट काम करायचं तर दोन नाही, तीन प्रती लागतात. तुमची, दुसऱ्याची आणि ज्या प्रतीतून दोन्ही फुटल्या ती मूळ प्रत. दोन प्रती समोरासमोर ठेवल्या तर फरक फक्त दिसतो. तो फरक कोणी केला आणि मुद्दाम केला का, हे मूळ प्रत असल्याशिवाय समजत नाही. खालचं सगळं काम या एका गोष्टीवर उभं आहे.

आधी दोघांनी थांबायचं

एक दिवस ठरवा आणि त्या दिवसापासून दोन्ही बाजूंच्या नोंदी बंद ठेवा. ‘एवढं एक नाव टाकतो’ म्हणून उघडलेली फाइल पुढचे सगळे आकडे बिघडवते. दोन्ही प्रतींचा बॅकअप प्रोग्रॅमच्या स्वतःच्या स्वरूपात घ्या, फोटोंच्या फोल्डरसकट. फाइलच्या नावात ‘अ’ (तुमची प्रत) किंवा ‘ब’ (दुसऱ्याची) आणि तारीख घाला, आणि या बॅकअप फाइल ‘फक्त वाचण्यासाठी’ करून बाजूला ठेवा. पुढचं सगळं काम त्यांच्या नकलांवर करायचं.

मग मोजदाद. प्रत्येक प्रतीत व्यक्ती, कुटुंबं, घटना, ठिकाणं, स्रोत आणि फोटो किती आहेत ते कागदावर लिहून काढा. शेवटी ताळा जुळवताना हे आकडे लागतील.

याच वेळी दुसऱ्याला एक प्रश्न नक्की विचारा: फाइल पाठवताना हयात माणसांची माहिती गाळली होती का? बहुतेक प्रोग्रॅममध्ये तशी सोय असते. ती चालू असेल तर हयात व्यक्तींच्या नावाच्या जागी ‘हयात’ असा शब्द येतो आणि जन्मतारखा गायब होतात. अशी फाइल पूर्ण समजून जोडली, तर तुमच्याकडची खरी नावं त्या शब्दाखाली झाकली जातात. काहीही न गाळलेली फाइल पुन्हा मागवा.

मूळ प्रत कुठे मिळते

पाठवलेल्या ईमेलच्या जोडपत्रांत, जुन्या पेनड्राइव्हवर, प्रोग्रॅम आपोआप बॅकअप ठेवतो त्या फोल्डरमध्ये. अगदी फुटण्याच्या दिवसाची फाइल मिळाली नाही तरी चालेल, पण ती त्या दिवसाच्या आधीची हवी. थोडी जुनी मूळ प्रत निरुपद्रवी असते: मधल्या काळातले बदल दोन्ही प्रतींत सारखेच दिसतात आणि आपोआप बाजूला पडतात. नंतरची प्रत मात्र धोक्याची. समजा, ‘ब’ची महिनाभर नंतरची फाइल तुम्ही मूळ म्हणून धरली. त्या महिन्यात ‘ब’ने घातलेली माणसं ‘मूळ’ फाइलमध्ये आहेत आणि ‘अ’मध्ये नाहीत, म्हणजे ती ‘अ’ने काढून टाकली असा निष्कर्ष निघतो. जी माणसं जोडायची तीच तुम्ही पुसाल.

मूळ प्रत मिळालीच नाही, तर नोंदीवरच्या ‘शेवटचा बदल’ या तारखेवर भागवावं लागतं. फुटण्याच्या दिवसाआधी शेवटचा बदल झालेल्या नोंदी मूळच्या समजायच्या. पण ही तारीख दोन प्रसंगी फसवते. गावांची नावं एका फटक्यात सुधारणारं साधन चालवलं की शेकडो नोंदींवर त्या दिवसाची तारीख पडते. फाइल एका प्रोग्रॅममधून दुसऱ्यात नेली, तर कधी कधी सगळ्याच नोंदी इम्पोर्टच्या दिवशी बदलल्यासारख्या दिसतात. एकाच तारखेला शेकडो बदल दिसले, तर त्या तारखेवर विसंबू नका.

क्रमांक तोच, माणूस वेगळा

सगळ्यात जास्त घोळ इथे होतो. प्रोग्रॅम नव्या व्यक्तीला पुढचा मोकळा क्रमांक देतो. मूळ प्रतीत शेवटचा क्रमांक ०८१२ असेल, तर फुटल्यानंतर दोन्हीकडे पहिल्या नव्या व्यक्तीला ०८१३ मिळतो. तुमच्याकडे ०८१३ म्हणजे गेल्या वर्षी जन्मलेली नात, तर दुसऱ्याकडे ०८१३ म्हणजे जुन्या कागदांत सापडलेले पणजोबा. क्रमांक पाहून जोडणी केली तर नात आणि पणजोबा एकाच नोंदीत जाऊन बसतात.

ग्रॅम्प्ससारख्या वंशावळीच्या प्रोग्रॅममध्ये या दिसणाऱ्या क्रमांकाखाली प्रत्येक नोंदीची एक लांबलचक आतली ओळखखूणही असते. ती दोन प्रतींत नव्याने तयार झालेल्या नोंदींसाठी वेगळी असते आणि मूळच्या नोंदींसाठी तीच राहते, म्हणून ती विश्वासाची. जेडकॉममध्ये, म्हणजे वंशावळ एका प्रोग्रॅममधून दुसऱ्यात नेण्याच्या सामाईक फाइल-स्वरूपात, निर्यात केल्यावर ही खूण सहसा मागे राहते. म्हणून दोघांचा प्रोग्रॅम एकच असेल तर जेडकॉमच्या वाटेला जाऊच नका, प्रोग्रॅमचं स्वतःचं स्वरूप वापरा. ग्रॅम्प्ससाठी ‘इम्पोर्ट मर्ज टूल’ नावाचं जोडसाधन आहे. ते बाहेरची फाइल चालू वंशावळीशी ताडून फरक दाखवतं आणि हवे ते बदल आत घेऊ देतं. तेही आधी नकलेवर चालवून पाहा.

प्रोग्रॅम वेगवेगळे असतील तर जेडकॉमला पर्याय नाही. तेव्हा एवढा नियम पाळा: मूळ प्रतीत असलेले क्रमांक ओळखीसाठी चालतात, मात्र मध्ये कोणी सगळे क्रमांक नव्याने लावलेले नसावेत. त्यानंतरचे क्रमांक यादीत ‘अ-०८१३’, ‘ब-०८१३’ असे बाजूच्या अक्षरासकट लिहा.

तीन याद्या शेजारी ठेवा

तिन्ही प्रतींतून व्यक्तींची यादी सीएसव्हीमध्ये, म्हणजे स्वल्पविरामांनी रकाने पाडलेल्या साध्या मजकुराच्या फाइलमध्ये, काढा. रकाने हे: क्रमांक, नाव, लिंग, जन्मतारीख, जन्मस्थळ, मृत्युतारीख, वडिलांचा क्रमांक, आईचा क्रमांक, शेवटचा बदल. स्प्रेडशीटमध्ये उघडताना अक्षरसंच यूटीएफ-८ निवडा आणि सगळे रकाने ‘मजकूर’ म्हणून घ्या. हे विसरलात तर एक्सेल तारखांना हात लावतो. ‘मार्च १९३१’ एवढंच माहीत असलेली इंग्रजीतली नोंद तो १ मार्च १९३१ करून ठेवतो, आणि कोणालाच माहीत नसलेली एक नेमकी तारीख वंशावळीत घुसते. १९०० पूर्वीच्या तारखा त्याला तारीख म्हणून कळत नाहीत, त्या मजकूरच राहतात. त्यामुळे एकाच रकान्यात दोन जातींच्या नोंदी होतात आणि क्रम लावताना गोंधळ उडतो.

आता प्रत्येक ओळीत एक ‘ठसा’ तयार करा: क्रमांक आणि शेवटचा बदल हे दोन सोडून बाकीचे रकाने उभ्या रेघेने जोडून एका ओळीत. व्हीलुकअपने (क्रमांकावरून दुसऱ्या यादीतली नोंद शोधून आणणाऱ्या सूत्राने) प्रत्येक क्रमांकाचा मूळ, अ आणि ब मधला ठसा शेजारी आणा. मग प्रत्येक व्यक्ती आपोआप एका गटात पडते:

- तिन्हीत ठसा एकच: काही करायचं नाही.
- फक्त अ किंवा फक्त ब मूळपेक्षा वेगळा: बदललेला ठसा घ्यायचा.
- अ आणि ब दोन्ही बदलले, पण सारखेच: काही करायचं नाही.
- दोन्ही बदलले आणि वेगवेगळे: माणसाने बसून ठरवायचं.
- मूळमध्ये आहे, एका प्रतीत नाही: तिथे ती काढली गेली आहे, का ते विचारायचं.
- मूळमध्ये नाही: नवी व्यक्ती.

ठशात टिपणं आणि स्रोत येत नाहीत. म्हणून ठसा तोच असूनही ‘शेवटचा बदल’ फुटण्याच्या दिवसानंतरचा असेल, त्या नोंदी वेगळ्या रंगाने खुणावून ठेवा आणि त्या प्रोग्रॅममध्ये उघडून पाहा.

काढलेल्या नोंदींकडे विशेष लक्ष हवं. ‘ब’ने एखादी व्यक्ती काढली असेल, तर बहुधा ती डुप्लिकेट असल्याचं त्याला कळलं होतं. ते न विचारता तुम्ही ती ‘अ’मधून तशीच पुढे नेली, तर त्याने निस्तरलेली चूक जुळवणीनंतर परत येते.

आणखी एक गट यादीत दिसत नाही, तो शोधावा लागतो: दोघांनीही स्वतंत्रपणे घातलेली तीच व्यक्ती. घरात मूल जन्मलं की दोघेही नोंद करणारच. अशी नावं शोधायची सोपी युक्ती म्हणजे नव्या व्यक्ती आई-वडिलांच्या क्रमांकाप्रमाणे लावणे. आई-वडील मूळ प्रतीतले असतील तर त्यांचे क्रमांक दोन्हीकडे तेच असतात, त्यामुळे ‘अ’मधलं मूल आणि ‘ब’मधलं तेच मूल लागोपाठच्या ओळींत येतं, नावाचं लेखन वेगळं असलं तरीही.

दिसायला सारखं, आतून वेगळं

देवनागरीत नोंदी असतील तर ठसे उगाच वेगळे पडतात. ‘ॲ’ हे एक अक्षर म्हणून टाइप होतं आणि ‘अ’वर चंद्र देऊनही होतं. पडद्यावर दोन्ही सारखी, संगणकाला दोन वेगळी. युनिकोडचं नेहमीचं सामान्यीकरण (एकच अक्षर लिहिण्याच्या वेगळ्या तऱ्हा एक करणारी प्रक्रिया) चालवूनही ही दोन एक होत नाहीत, शोध-बदल करूनच एक करावी लागतात. ‘ऱ्य’, ‘ऱ्ह’ या जोडाक्षरांचंही तेच: कुठे ‘ऱ’ वापरलेला असतो, कुठे ‘र’नंतर न दिसणारं जोडचिन्ह. नावाच्या शेवटी राहिलेली मोकळी जागा, अनुस्वाराऐवजी ‘न्’ किंवा ‘म्’, आणि तारखेतले देवनागरी आकडे हेही तपासा. जेडकॉममध्ये तारीख इंग्रजी आकड्यांत आणि महिन्याच्या तीन अक्षरी इंग्रजी रूपात अपेक्षित असते. देवनागरीत लिहिलेली तारीख बरेच प्रोग्रॅम नुसता मजकूर म्हणून ठेवतात, मग वय काढता येत नाही आणि क्रमही लागत नाही. हे सगळं ठसे काढण्याआधी याद्यांच्या नकलेत एकसारखं करा. वेगळे दिसणारे निम्मे ठसे तिथेच मिटू शकतात.

जेडकॉमची आवृत्तीही पाहा. अक्षरसंच ‘अँसेल’ निवडून केलेल्या निर्यातीत देवनागरी बसतच नाही. तिथे प्रश्नचिन्हं उमटली की ती नावं त्या फाइलमधून परत मिळत नाहीत, निर्यात पुन्हा करावी लागते. १९९९ च्या ५.५.१ आवृत्तीत यूटीएफ-८ आलं, पण ओळीची लांबी २५५ अक्षरांपुरतीच राहिली. लांब टिपणं तुकड्यांत मोडली जातात आणि काही प्रोग्रॅम ती बाइट मोजून मोडतात. देवनागरीचं एक अक्षरचिन्ह यूटीएफ-८ मध्ये ३ बाइटचं, त्यामुळे तोड मधोमध पडली तर तिथे चौकोन किंवा चित्रविचित्र खुणा दिसतात. २०२१ ची ७.० आवृत्ती फक्त यूटीएफ-८ वापरते आणि ओळीच्या लांबीची अट तीत नाही. दोन्ही प्रोग्रॅमना ती चालत असेल तर तीच घ्या.

कोणाचं खरं मानायचं

दोन्हीकडे बदल झालेल्या नोंदी सहसा वाटतात त्यापेक्षा कमी निघतात. तिथे ‘नंतरचा बदल तो बरोबर’ हा नियम लावू नका. काल टाकलेली ऐकीव तारीख तीन वर्षांपूर्वी दाखल्यावरून घेतलेल्या तारखेपेक्षा खरी ठरत नाही. निर्णय पुराव्यावर घ्या: घटनेच्या वेळी झालेली नोंद, मग नंतर बनलेला कागद, मग माणसाची आठवण. दोन्ही बाजूंना पुरावा असेल तर दोन्ही ठेवा. एका व्यक्तीला जन्माच्या दोन घटना लावता येतात, पहिली मुख्य मानली जाते. नावाची वेगळी रूपं ‘पर्यायी नाव’ म्हणून जातात. ‘१९३१च्या सुमारास’ आणि ‘१२ मार्च १९३१’ यांत विरोध नाही, दुसरी अधिक नेमकी आहे. ती घ्या आणि पहिलीचा स्रोत तिला जोडा.

आई-वडील वेगळे दाखवले असतील तर मात्र दोन्ही ठेवून चालत नाही. तिथे काम थांबवा, दुसऱ्याशी बोला आणि ठरेपर्यंत ती नोंद यादीत उघडी ठेवा. दत्तक किंवा सावत्र नातं एका बाजूने नोंदवलेलं आणि दुसऱ्या बाजूने न नोंदवलेलं असतं, हे अशा वेळी अनेकदा दिसतं. नात्याचा प्रकार नोंदवला की दोन्ही कुटुंबं योग्य जागी राहतात.

प्रत्यक्ष जोडणी

मुख्य प्रत कोणती? जिच्यात माणसं जास्त ती नव्हे, जिच्यात स्रोत आणि फोटो नीट लावलेले आहेत ती. माणसं हलवणं सोपं, स्रोतांचे दुवे हलवणं कटकटीचं. आपल्या उदाहरणात ‘अ’ मुख्य धरू.

‘ब’ने ६१ व्यक्ती घातल्या, त्यांतल्या १७ ‘अ’मध्येही आहेत. उरल्या ४४. ‘ब’च्या नकलेत या ४४ व्यक्तींना एक टॅग लावा. त्या ज्यांच्याशी जोडल्या आहेत त्या मूळच्या व्यक्तींनाही, म्हणजे आई, वडील, जोडीदार यांना, दुसरा टॅग लावा. या दुव्याच्या व्यक्ती समजा १९ निघाल्या. टॅगवर गाळणी लावून एवढ्या ६३ व्यक्तींचीच निर्यात करा. ‘अ’च्या नकलेत इम्पोर्ट करताना येणाऱ्या सगळ्या नोंदींना टॅग लागेल अशी सोय चालू ठेवा, ग्रॅम्प्सच्या पसंतींमध्ये ती आहे. आता जोडायच्या जोड्या शेकडो नाहीत, फक्त १९ आहेत.

क्रम असा: आधी डुप्लिकेट झालेले स्रोत आणि ठिकाणं एक करा, मग सर्वात वरच्या पिढीचं जोडपं. नवरा आणि बायको दोघांच्याही नोंदी एक झाल्या की त्यांची दोन कुटुंबं उरतात. काही प्रोग्रॅम ती आपोआप एक करतात, काहींत हाताने करावी लागतात. मग त्या कुटुंबाची मुलं पाहा. दुव्याची व्यक्ती म्हणून आलेलं मूल तिथे दोनदा दिसेल, ते जोडा आणि एक पिढी खाली उतरा. खालून वर गेलात तर एकाच मुलाला आई-वडिलांच्या दोन जोड्या लागलेल्या राहतात.

जोडणीच्या खिडकीत दोन नोंदी शेजारी येतात आणि मुख्य कोणती ते निवडायचं असतं. दर वेळी ‘अ’ची निवडा, सवयीने हात चुकणार नाही. जोडल्यानंतर व्यक्ती उघडा: दोन्ही नोंदींच्या घटना एकत्र आल्यामुळे जन्म बहुधा दोनदा दिसेल. दुसरा जन्म लगेच पुसू नका. त्याला लावलेले स्रोत आधी पहिल्यावर न्या, मग पुसा. दहा-पंधरा जोड्या झाल्या की बॅकअप.

उरलेल्या १७ सामाईक नव्या व्यक्ती आणि ‘ब’ने बदललेल्या जुन्या नोंदी हातानेच भरा. यादी समोर असते, एकेक ओळ झाली की खूण करायची. हे रटाळ वाटतं, पण अशा काही डझन नोंदींसाठी याहून सुरक्षित रस्ता नाही.

प्रोग्रॅमचं ‘संभाव्य डुप्लिकेट’ शोधणारं साधन यादी म्हणून उपयोगी आहे, निर्णय त्याच्यावर सोडू नका. आजोबांचं नाव नातवाला, गेलेल्या बाळाचं नाव पुढच्या बाळाला, जुळ्यांची जन्मतारीख एकच: हे सगळं त्याला डुप्लिकेट वाटतं. शंका आली तर दोन नोंदी वेगळ्याच ठेवा. राहिलेली डुप्लिकेट पुढे कधीही जोडता येते. चुकून एक झालेल्या दोन माणसांच्या घटना, मुलं आणि स्रोत वेगळे काढायला जुना बॅकअप घेऊन बसावं लागतं.

फोटोंसाठी दोन्ही फोल्डर आधी वेगळे ठेवा. ‘फोटो००१’ नावाच्या फाइल दोन्हीकडे असतात आणि चित्रं वेगळी. शा-२५६ ठसे (फाइलच्या आतल्या माहितीवरून संगणक काढतो ती खूण, यादीतल्या ठशापेक्षा वेगळी) काढून ताडा: ठसा तोच तर एक नक्कल पुरे, वेगळा तर एकीचं नाव बदला. नाव फाइल मॅनेजरमधून बदललं तर वंशावळीतला मार्गही बदलायला हवा. ग्रॅम्प्समध्ये समूहचित्रावर चेहऱ्याचा चौकोन आखलेला असेल, तर तो चित्राच्या टक्केवारीत साठवला जातो. ‘ब’ने तेच चित्र कडा कापून ठेवलं असेल आणि तुम्ही एकाच्या जागी दुसरं टाकलंत, तर चौकोन शेजारच्या माणसावर सरकतो.

ताळा

अपेक्षित संख्या आधीच काढता येते. मूळ ८१२, ‘अ’ची भर ९४, ‘ब’ची भर ६१, त्यांतल्या सामाईक १७ वजा. ‘अ’ने ५ काढल्या, ‘ब’ने ३, त्यांतली १ तीच, म्हणजे एकूण ७ वजा. उत्तर ९४३. दुसऱ्या वाटेनेही तेच यायला हवं: ‘अ’च्या ९०१ मध्ये ६३ आल्या की ९६४, १९ जोड्या जोडल्या की ९४५, ‘ब’ने काढलेल्या आणि ‘अ’मध्ये अजून असलेल्या २ काढल्या की ९४३. आकडा मोठा आला तर एखादी जोडी राहिली, लहान आला तर दोन वेगळी माणसं एक झाली. दुसरी शक्यता गंभीर आहे, ती आधी शोधा.

संख्या जुळली तरी नाती तपासा. आईच्या मृत्यूनंतर जन्मलेलं मूल, जन्माआधीचं लग्न, स्वतःचाच पूर्वज झालेली व्यक्ती, दोन कुटुंबांत मूल म्हणून नोंदलेली व्यक्ती, कोणाशीच न जोडलेली व्यक्ती, कुठेच न लावलेला स्रोत. ग्रॅम्प्समध्ये माहिती पडताळणारं, डेटाबेस तपासून दुरुस्त करणारं आणि नातं नसलेल्या व्यक्ती दाखवणारं अशी तीन वेगळी साधनं आहेत. तिन्ही चालवा, दुरुस्तीचं साधन बॅकअप घेऊनच. शिवाय मूळ प्रतीतल्या लांबच्या नात्याच्या पाच जोड्या निवडून त्यांचं नातं जुन्या आणि नव्या फाइलमध्ये काढून पाहा. कोणी मुद्दाम बदल केलेला नसताना ‘चुलत पुतण्या’ आता ‘नातं नाही’ झाला असेल, तर मधला एखादा दुवा तुटला आहे.

सगळं जुळल्यावर नवी फाइल दोघांना द्या. जुन्या दोन्ही प्रतींच्या नावापुढे ‘बंद’ लिहा आणि त्या कामाच्या फोल्डरमधून हलवा, नाहीतर ‘अलीकडे उघडलेल्या फाइल’ या यादीतून दुसऱ्याच दिवशी जुनीच उघडली जाते. पुढे दोघांनाही लिहायचं असेल तर वेबट्रीज किंवा ग्रॅम्प्स वेबसारख्या सर्व्हरवर एकच वंशावळ ठेवा. तसं जमत नसेल तर फाइल एका वेळी एकाकडेच राहील आणि दुसरा आपली भर यादी करून पाठवेल असं ठरवा. आजची फाइल तारखेसह वेगळी जपून ठेवा. प्रती पुन्हा फुटल्याच, तर पुढची मूळ प्रत हीच असेल.